काशीरामकाकांचा दुखवटा

दर शुक्रवारी माझा नवरा भावेश मोबाईल घेऊन सहल आखतो. कधी काशीद, कधी माथेरान. शनिवारी आमच्या ओवे गावात कुणाची तरी हळद निघते आणि सहल जागच्या जागी जिरते. भावकीतली हळद चुकवली तर उद्या आपल्या दारात कोण येईल, हे सासूबाईंचं, शकूआईंचं, ठरलेलं उत्तर. मांडवात बसून बसून मला हळदीचा वाससुद्धा नकोसा झालाय.

या रविवारी मात्र मला जायचंच होतं. सोमवारी आमची मनस्वी पुण्याच्या हॉस्टेलला निघणार होती. लांब नको, कर्नाळा चालेल, पण तिला घेऊन एक दिवस बाहेर. आणि नेमकी चुलतदीर प्रणितची हळद रविवारीच.

भावेशने डोकं चालवलं. "रंजिताचं काशीरामकाका गेलं, आमी नाय येत," असं भावकीच्या ग्रुपवर टाकून मोकळा झाला. माझ्या माहेरच्या ज्या काकांनी मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तेच सापडले याला मारायला! मी हातातला डबा आपटला. पण तोवर ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले होते.

सकाळी गाडीत डबे ठेवतोय, तर भावकीतल्या बाया भाकऱ्या आणि पिठलं घेऊन हजर. दुखवट्याच्या घरी आमच्याकडे चूल पेटू देत नाहीत. मला चटईवर बसवलं. शकूआई खऱ्याच रडत होत्या. मनस्वी बूट घालून दारात उभी आणि ऊन चढत चाललेलं.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. काशीरामकाका उतरले. प्रणितच्या हळदीला आले होते, तिथे त्यांना स्वतःची बातमी कळली. भावेश गाडीमागे सरकला.

"काका, पोरीला घेऊन एक दिवस बाहेर जायचं होतं," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं. "उद्या चालली ती. इथं जित्या माणसाला सुट्टीच नाय."

काकांनी मनस्वीच्या बुटांकडे पाहिलं. मग शांतपणे गाडीचा पुढचा दरवाजा उघडून आत बसले.

"भावेश, गारी काड," ते म्हणाले. "जल्म गेला कर्नाल्यावरनं हलदींना जान्यात, कदी उतरलो नाय. आता मेलोय, तं मला कोन बोलावतंय?"