बाळासाहेबांचा सत्कार

मृदुलेचं टाळकं सरकलं ते तिसऱ्या भाषणाला.

इंग्लंडातल्या पाचशे वर्षं जुन्या खेड्यात येऊन दीड तास उलटला होता, आणि मराठी मंडळाच्या पन्नास माणसांनी खेड्यातलं पाहिलं काय, तर बस उभी करायची जागा आणि भाड्याने घेतलेला हा हॉल. सकाळी सहाला नेदरलँड्समधल्या झूटरमेरहून निघाले होते. खाडी ओलांडायच्या आधी कॅले बंदरावर पासपोर्टच्या रांगेत दोन तास गेले, ते एक वेळ ठीक, ते कुणाच्या हातात नव्हतं. पण इथे आल्या आल्या डबे उघडले, छोले गरम झाले, मग नव्या सभासदांनी आपापली ओळख करून दिली. दोन वाजता बस परत निघायची होती. आता पावणेदोन.

आणि सत्कार कुणाचा, तर तिच्याच सासऱ्यांचा. बाळासाहेब शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन, शाळेतल्या पोरासारखे पुढच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी विट्याच्या शाळेत पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. धड्यात इंग्लंडचं खेडं आलं की हिरव्या खडूने फळ्यावर काढून दाखवायचे: मधे हिरवळ, कडेने वाकडी घरं, एक तळं. पोरं विचारायची, "सर, तुम्ही पाहिलंय?" दरवर्षी नाही म्हणावं लागायचं. त्या हिरवळीवर एकदा उभं राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी मुंबईला जाऊन ब्रिटनचा वेगळा व्हिसा काढला होता. परवा ते भारतात परत जाणार होते.

रणजित, मंडळाचा सेक्रेटरी, आइंडहोव्हनला चिपच्या कंपनीत सेकंदाचे तुकडे मोजतो. माइक हातात आला की मात्र त्याचं घड्याळ बंद पडतं. "काकांचा छोटासा सत्कार ठेवू का?" असं त्याने फोनवर विचारलं होतं आणि मृदुलेने, मूर्खासारखं, हरखून हो म्हटलं होतं. त्याचाही तिला आता संताप येत होता.

"काकांबद्दल बोलावं तेवढं थोडंच," रणजित म्हणाला. त्याने काकांना आज सकाळी पहिल्यांदा पाहिलं होतं.

मृदुला उठली आणि सरळ पुढे गेली. "बाबा, चला."

"अगं, संपू दे ना," तिचा नवरा आशुतोष मागून कुजबुजला. "बरं दिसतं का?"

"दीड तास बरं दिसत नाहीये. तुझे वडील आहेत, तूच उठायला हवं होतंस."

"वहिनी, प्लीज, फक्त आभारप्रदर्शन राहिलंय," रणजित म्हणाला.

"ते तू कर. आम्ही नसलो तरी होईल."

चर्चच्या भिंतीला वळसा घातला आणि हिरवळ समोर आली. दोन मिनिटांवर होती. सगळा वेळ ती दोन मिनिटांवरच होती, या विचाराने मृदुलेच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं.

बाळासाहेब शाल सावरत मधोमध जाऊन उभे राहिले. कडेची वाकडी घरं एकेक करून पाहिली.

"मी फळ्यावर फार लहान काढत होतो," ते म्हणाले.

तिकडे बसचा हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा. बाळासाहेब सवयीने वळले. "चल बेटा, आपल्यासाठी सगळे खोळंबतील."

मृदुलेने त्यांच्या हातातला नारळ काढून घेतला.

"खोळंबू देत," ती म्हणाली. "बाबा, तळं कुठंय ते बघा आधी."