तेहतिसावी सही

सुट्टीवर घरी आलेला माणूस खरंच घरी असतो का? अंग ओसरीवर टेकलेलं असतं, पण जीव सगळा फोनमध्ये! तुमच्या-आमच्या घरात रोज दिसणारी ही गोष्ट धावड्याच्या भारतच्या घरातही चालली होती. त्याचा धाकटा भाऊ केदार दिवाळीनंतर पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आला होता. आल्यापासून त्याचा कान फोनला चिकटलेला.

"तू आला का तुझा फोन आला?" भारतने तिसऱ्या दिवशी वैतागून विचारलं. "भाकरी गार होऊन राह्यली."

केदार कसनुसं हसला. त्याच्यापुढचं संकट त्याला सांगताही येत नव्हतं आणि लपवताही येत नव्हतं.

केदार वैमानिक होता. धावड्यातल्या शेतकऱ्याच्या घरातला पहिलाच, त्यामुळे गावात त्याचं नावच 'विमानवाला' पडलं होतं. मोठ्या लोकांना छोटी विमानं भाड्याने देणाऱ्या एका खासगी कंपनीत तो नोकरीला होता. कंपनीत चौसष्ट वैमानिक आणि त्यांची एक संघटना. या संघटनेवरूनच आता वैमानिकांमध्ये उभी फूट पडली होती. केशव सर नावाचे जुने कॅप्टन अकरा वर्षं तिचे सचिव. ते तरुणांचे फोन उचलत नसत, सणासुदीच्या सुट्ट्या आपल्या बरोबरीच्या लोकांना मिळवून देत, आणि कोणी बोललं की म्हणत, "तुम्ही कालची पोरं!" तरुण वैतागले होते. शेवटी केदारचा मित्र अद्वैत याने एक कागद फिरवायला घेतला. त्यात लिहिलं होतं, 'आम्हाला संघटना नको. ज्याचं तो कंपनीशी बोलेल.' निम्म्याहून जास्त सह्या झाल्या, की कंपनी संघटनेशी बोलणंच बंद करणार होती.

बत्तीस सह्या झाल्या होत्या. तेहतिसावी केदारची हवी होती, शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत. सही करून फोटो पाठवला तरी चालणार होतं.

खरं तर त्याची सही कधीच झाली असती. कारण सुट्टीवर निघायच्या आदल्या दिवशी कंपनीच्या व्यवस्थापकांनी त्याला एकट्याला केबिनमध्ये बोलावलं होतं. चहा मागवला, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "केदार, छत्रपती संभाजीनगरला आपलं एक विमान कायम उभं असतं. तिथं एक जागा रिकामी होतेय. तुझी बायको-मुलगी जालन्यातच राहतात ना? कागदाचं तेवढं बघ. ही गोष्ट आपल्या दोघांतच राहू दे."

अर्पिता आणि चार वर्षांची मुलगी जान्हवी जालन्याला राहत. कापसाचं उरकलं की सुट्टीचे उरलेले दिवस केदार त्यांच्याकडेच जाणार होता. महिन्यातले जेमतेम सहा दिवस केदार त्यांच्या वाट्याला येई. एकदा तर जान्हवीने त्याला दारातच विचारलं होतं, "बाबा, तुम्ही कधी जाणार?" पोरीने सहज विचारलं, पण बापाच्या काळजाला घरं पडली. संभाजीनगरची जागा मिळाली तर रोज संध्याकाळी घरी! वाचकहो, अशा वेळी तुम्ही-आम्ही तरी काय केलं असतं? मग सही करायला हात का उचलत नव्हता, हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

त्यात गुरुवारी घरात दुसरंच प्रकरण उभं राहिलं. कापूस फुटून वावर पांढरंशुभ्र झालं होतं, आणि शनिवारी पाऊस येणार असा अंदाज होता. भारतने नंदाबाईच्या टोळीला वेचणीला बोलावलं. पण नंदाबाईने साफ नकार दिला. भारतने मंगळवारीच बोंडअळीचं औषध फवारलं होतं, आणि फवारणी झालेल्या वावरात आठ दिवस पाय ठेवायचा नाही, असा त्या टोळीचा नियम होता.

"चौदा बाया, चौदाही जणी न्हाई म्हणून राह्यल्या!" भारत डोक्याला हात लावून बसला. "वर्षाचा माल डोळ्यांदेखत भिजंन. काय करावं?"

आणि आमचा शिकलासवरलेला केदार पटकन बोलून गेला, "दादा, चौदा जणींशी कशाला बोलतो? दोघी-तिघींना एकेकटं गाठायचं. भाव जरा वाढवून द्यायचा. तीन फुटल्या की बाकीच्या आपोआप येतात. थांब, मीच जातो उद्या."

शुक्रवारी सकाळी त्याने मोटरसायकल काढली. टोळी ओढ्यापलीकडच्या एका वावरात वेचत होती. कमरेला ओट्या बांधून बाया ओळीने सरकत होत्या. केदारने त्यातली सगळ्यात तरुण बाई हेरली. तिचं नाव प्रिया. तिला बांधावरच्या बाभळीखाली बोलावून तो हळू आवाजात म्हणाला, "उद्या तू आणि अजून दोघी आमच्या वावरात या. भाव वाढवून देतो. बाकीच्यांना सांगू नको."

प्रियाने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग मागे वळून सगळ्या वावराला ऐकू जाईल अशी हाक मारली, "नंदामावशे! हे केदारभाऊ मला गुपचूप बोलावून राह्यले गं!"

जी काही हसाहस झाली म्हणता! आकाशात ढगांशी दोन हात करणारा केदार, बांधावर त्याला तोंड लपवायला जागा उरली नाही. तो गाडीकडे वळणार तेवढ्यात नंदाबाईच समोर आली. साठीची, काटक, आवाज खणखणीत. केदारला तिने लहानपणापासून पाहिलेलं.

"पळता कुठं भाऊ? जेवायची वेळ झालीय. बसा, घासभर खा."

नाही म्हणायची सोय नव्हती. बायांनी गोल केला, भाकरी आणि ठेचा हातावर ठेवला. नंदाबाईने सावकाश पहिला घास गिळला आणि विचारलं, "भाऊ, एक सांगा. आम्ही चौदा जणी समोर बसलो असतो, तर जे प्रियाला बोलले ते सगळ्यांपुढं बोलले असते का?"

केदारने नजर ठेच्यावर वळवली.

"न्हाई बोलले असते. ज्या गोष्टीसाठी माणसाला कोपऱ्यात न्यावं लागतं, ती त्याच्या भल्याची नसती. भली गोष्ट चारचौघांत सांगता येती. ही प्रिया एकदा अशीच गुपचूप गेल्ती. दुसऱ्या गावचा शेतकरी, दोन पैसे जास्त देतो म्हणला. आदल्या दिवशीच फवारलेलं वावर. दुपारपर्यंत चक्कर, उलट्या. चार दिवस जालन्याला दवाखान्यात व्हती. आमची पोर हातची गेल्ती म्हणा ना! तव्हापासून आठ दिवसांचा नियम केला."

प्रिया मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडत होती. केदारचा घास मात्र हातातच राहिला. 'बाकीच्यांना सांगू नको.' 'आपल्या दोघांतच राहू दे.' अरे! हे तर तेच शब्द! केबिनचं दार लावून जे त्याला सांगितलं गेलं, तेच तो बाभळीखाली प्रियाला सांगत होता! ज्या फासाने आपल्याला धरलं, तोच घेऊन आपण या बायांना धरायला निघालो!

त्याला राहवलं नाही. कागद, सह्या, संभाजीनगरची जागा, सगळं त्याने त्या बायांपुढे सांगून टाकलं. शेवटी म्हणाला, "पण मावशी, आमचे केशव सर लोकांना सांभाळूनच घेत नाहीत. फक्त आपल्या माणसांचं बघतात. असली युनियन ठेवून तरी काय करायचं?"

यावर बाया एकमेकींकडे बघून फिसकन हसल्या. नंदाबाईने समोरच्या एका जाडजूड बाईकडे बोट केलं. "ह्या तुळजाबाई. आमच्या आधीच्या मुकादमीण. दाट कापसाच्या चांगल्या ओळी रोज आपल्या सुनेला आणि भावजयीला देयच्या. आम्ही आपल्या विरळ ओळीत दिवसभर वाकून राह्यचो."

"हां, देत व्हते!" तुळजाबाई बिलकुल लाजल्या नाहीत. "घरच्या माणसाकडं हात वळतोच की!"

"मग?" केदारने विचारलं.

"मंग काय! लई भांडलो. चार जणी म्हणल्या, टोळीच मोडा, जिची ती जाऊ द्या. म्या म्हणलं, बायांनो, ढेकणासाठी घर जाळता का? तुळजाबाईला उतरवलं, मला बसवलं. आणि माझाही हात सुनेकडं वळू नये म्हणून रोज सकाळी कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या टाकतो. जिची काडी जिथं पडंल तिची ती ओळ. तुळजाबाई गेल्या का सोडून? बसल्यात की समोर ठेचा खात!"

पुन्हा हशा झाला. पण नंदाबाईचा चेहरा गंभीर होता. "भाऊ, मला विमानातलं काही कळत न्हाई. पण विमान चालवायला निघताना तुम्ही फार थकलेले असले, डोळे मिटून राह्यले, तर काय करता?"

"सांगतो, थकलोय, उडवणार नाही. दुसरा पायलट येतो. कंपनीने त्याबद्दल जाब विचारायचा नाही, असा नियम आहे."

"हा नियम मालकानं सोताहून दिल्ता का?"

केदारला उत्तर माहीत होतं. तो नियम नऊ वर्षांपूर्वी संघटनेने मिळवला होता. त्या वेळी एकोणतीस दिवस कंपनीच्या दाराशी बसले होते केशव सर. होय, तेच केशव सर! गेल्या हिवाळ्यात केदार सलग चौथ्या पहाटे उठला होता, समोरचे आकडे डोळ्यांपुढे पोहत होते. त्याने विमान उडवायला नकार दिला. गिऱ्हाईक खूप ओरडलं, पण कंपनीतून एकानेही अवाक्षर काढलं नाही. उद्या संघटना नसेल, आणि संभाजीनगरची जागा ज्यांच्या मेहेरबानीची तेच म्हणतील, 'आजच्या दिवस उडव रे केदार!' मग तो नाही म्हणू शकेल? आणि त्याच्यामागे बसलेल्या माणसांचं काय?

"मावशी, चुकलो," तो म्हणाला. "तुमच्याशीही, आणि सही करून तिकडेही चुकणारच होतो."

"झाली न्हाई ना चूक? मंग जल्दी फोन लावा. आणि ती भाकरी संपवा आधी!"

त्याने बांधावरूनच अद्वैतला फोन लावला.

"मी सही करत नाही," केदारने सांगितलं.

"शेवटी केशव सरांचाच माणूस झालास!" अद्वैत उसळला.

"केशव सर मलाही नकोत. त्यांना उतरवू. दर दोन वर्षांनी निवडणूक घेऊ, सुट्ट्या पाळीने वाटू. पण युनियन मोडायची नाही. आणि अद्वैत, एक लपवलं होतं ते सांगतो. मला सहीसाठी संभाजीनगरची जागा देऊ केलीय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काय म्हणालास? संभाजीनगरची?" अद्वैतचा आवाज बदलला होता. "अरे, तिथं एकच जागा आहे. ती मला देणार होते! तेही 'आपल्या दोघांतच राहू दे' म्हणून!"

आणि दोघेही जे हसत सुटले ते थांबेनात. त्या हसण्यात राग होता, लाज होती, पण सगळ्यात जास्त होती सुटका. हसू ओसरल्यावर अद्वैत म्हणाला, "मी त्यांच्यासाठी कागद घेऊन दारोदार फिरलो रे."

"आता उलटा फीर," केदार म्हणाला.

अद्वैत खरोखरच उलटा फिरला. रविवारी सगळे वैमानिक व्हिडिओ कॉलवर एकत्र बसले. आणखी चौकशी झाली, तेव्हा ती एकच जागा पाच जणांना कबूल केलेली निघाली! अद्वैतने सगळ्यांसमोर कागद फाडला. आता केशव सर काय करतात याची सगळ्यांना धास्ती होती. ते आधी भडकले, मग एकेकाची तक्रार ऐकत गेले, आणि शेवटी म्हणाले, "अकरा वर्षं झाली. मीही थकलो होतो, पण माझं ओझं घ्यायला कोणी पुढे आलं नाही आणि मीही कोणाला दिलं नाही. चूक माझी आहे." सचिव म्हणून यशश्री या तरुण को-पायलटची निवड झाली. तिने सांगितलेली पहिली गोष्ट म्हणजे संभाजीनगरची जागा पाळीने मिळेल, आणि यादी सगळ्यांना दिसेल अशी लावली जाईल. कंपनीने दोन दिवस कुरकुर केली, मग मुकाट्याने मान डोलावली. चौसष्ट माणसं एका सुरात बोलली की कोणाचं काय चालणार!

आणि भारतचा कापूस? शनिवारी ढग भरून आले. भारत ओसरीवर येरझाऱ्या घालत राहिला. चार थेंब पडले आणि ढग सरकत पुढे निघून गेले. थोडा कापूस डागाळला, बाकी सगळा वाचला. आठ दिवस पुरे झाल्यावर बुधवारी चौदा बाया हसतखेळत वावरात आल्या. भारतनेच पुढे होऊन सांगितलं, "नंदाबाई, पुढच्या टायमाला फवारायच्या आधी तुम्हाला विचारीन."

दुपारी दोघे भाऊ कापसाची गाठोडी उचलून ठेवत होते. भारतने विचारलं, "मंग, मिळाली का जागा?"

"नाही. यादीत चौथा नंबर आहे. दीड-दोन वर्षं लागतील."

"अन् तरी एवढा खुश काऊन?"

केदारने गाठोडं खाली ठेवलं आणि घाम पुसला. "दादा, अर्पिताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, दोन वर्षं वाट बघू, पण नवरा धड घरी येईल याची खात्री पाहिजे. आता ती खात्री आहे. थकलो तर 'थकलो' म्हणता येतं मला."

वाचकहो, आपलीही कुठे ना कुठे एखादी संघटना असते, मंडळ असतं, सोसायटी असते. तिच्यात खोट दिसली की आपण चटकन म्हणतो, मोडून टाका! पुढारी नकोसा झाला तर खुशाल बदला, नियम वाकडे असतील तर भांडून सरळ करा. पण एकमेकांचा हात सोडू नका. कारण एकट्या माणसाचं 'नाही' कोणी ऐकत नाही, आणि काही वेळा माणसाचा जीव त्या एका 'नाही'वरच वाचत असतो.