टेबलाची प्रदक्षिणा

ओहायोतल्या डब्लिनमध्ये सकाळचे आठ वाजले होते. अवधूत कॉफी ढवळत होता, तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. वर्ध्याहून सहलीला गेलेली आई लेहच्या शांती स्तूपाच्या पाचशे पायऱ्या चढून वर पोहोचली होती.

"आई, अकरा हजार फुटांवर आहेस तू! रेस्ट घे म्हटलं होतं ना?"

"दोन दिवस लोळले की! पहिल्याच दिवशी हुंदडणारे आज डोकं धरून हॉटेलात पडलेत. तू गप्प बस आणि बघ."

तिने मोबाइल फिरवला. उन्हं कलली होती. समोरच्या उघड्याबोडक्या डोंगराला लेहचा नऊ मजली राजवाडा असा बिलगला होता, की तो कुणी बांधलाय हे खरंच वाटू नये. त्याच्याही वर मठ, पायथ्याशी गावाची हिरवळ, आणि लांब बर्फाची शिखरं. अवधूतची कॉफी निवून गेली.

"आता स्तूपाला प्रदक्षिणा घालते. तूही घाल."

"इथून? मीटिंग आहे गं माझी."

"घाल म्हटलं ना!"

तो मोबाइल धरून मुकाट्याने डायनिंग टेबलाभोवती फिरू लागला. पडद्यावर पांढराशुभ्र स्तूप सरकत होता आणि आईची धाप ऐकू येत होती. अर्ध्या फेरीत ती थबकली.

"अरे, उलटा काय फिरतोयस? टेबल उजव्या हाताला हवं!"

अवधूत ओशाळून वळला.

"ही फेरी बाद," आई म्हणाली. "थांब, मीपण पहिल्यापासून घालते."