रविवारचा अपघात

सूर्यभानचा बाप पूर्णेच्या रेल्वे यार्डात खलाशी होता. पोरानंही रेल्वेतच चिकटावं अशी त्याची इच्छा होती, पण सूर्यभानला कुणाच्या हाताखाली राबायचं नव्हतं. त्यानं झुंबरबाईच्या, म्हणजे बायकोच्या, पाटल्या मोडल्या आणि नांदेडहून एक जुना मॅटाडोर टेम्पो आणला. मालधक्क्यावर खताची वॅगन लागली की पोती भरायची आणि गावोगावच्या आखाड्यांवर, म्हणजे शेतातल्या वस्त्यांवर, नेऊन टाकायची, असा त्याचा धंदा. गाडीवर पेडगावचा आश्रुबा ड्रायव्हर होता. पस्तिशीचा, कमी बोलणारा माणूस. सहा वर्षं त्यानं तो टेम्पो चालवला, पण कधी कुणाच्या कोंबडीलाही धक्का लागू दिला नाही.

सत्त्याऐंशी सालच्या जुलैतली गोष्ट. तेव्हा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून अधूनमधून बंद पुकारले जायचे. त्या आठवड्यात शनिवारी रस्ता बंद राहिला आणि शेतकऱ्यांची पोती अडकली. रविवारी आश्रुबा एक खेप करून आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. तो म्हणाला, दुसरी खेप उद्या पहाटे करू. सूर्यभान म्हणाला, आजच कर, माझा साडू वाट बघत बसलाय. आश्रुबानं तोंडावर पाणी मारलं आणि स्टार्टर दाबला.

साडू म्हणजे भुजंग. त्याचा आखाडा पेडगावच्या शिवारात, सडकेपासून दीड मैल आत. पोती उतरवून आश्रुबा परत निघाला, तेव्हा काळ्या मातीच्या गाडीवाटेवर मागची चाकं घसरली आणि टेम्पो ओढ्यात कलंडला. भुजंगनं त्याला ओढून बाहेर काढलं, खाटेवर टाकलं आणि मोटारसायकलवर पूर्णेला येऊन सूर्यभानला खबर दिली.

दिवस मावळायच्या आत सूर्यभान तिथं पोचला. आल्याआल्या तो कुठं गेला, ते त्याला पुढं कधीच विसरता आलं नाही. तो आधी ओढ्यात उतरला. टप चेपलं होतं, पुढची काच गेली होती, रेडिएटर आत घुसला होता, अॅक्सल वाकला होता. हे सगळं त्यानं हात लावून बघितलं, आणि मग वर येऊन आश्रुबाच्या खाटेपाशी बसला. आश्रुबाचा डावा पाय नडगीपाशी वाकडा दिसत होता.

टेम्पोचा विमा नुसता थर्ड पार्टीचा होता. दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर कंपनी देणार, आपल्या गाडीचं झालं तर आपणच बघायचं. विम्याचा एजंट सिताराम वर्षभर त्याच्या मागं लागला होता की फुल विमा करून घ्या. सूर्यभान दर वेळी पुढच्या वर्षी बघू म्हणायचा.

त्यानं भुजंगला बाजूला घेतलं. ओढा आडवळणी, दोन्ही अंगांना बाभळी. आखाड्याकडं येणारं-जाणारं दुसरं कुणी नाही. भुजंग म्हणाला, माझ्या तोंडून निघायचं नाही. मग सूर्यभान खाटेपाशी आला आणि म्हणाला, "आश्रुबा, दवाखान्यात नेलं की तिथं तारीख लिहितेत. दोन-चार दिवस कळ काढता येईल का?"

आश्रुबाला गाडी आपल्या हातून पलटल्याची लाज वाटत होती. तो म्हणाला, "तुमी म्हणाल तसं, मालक. मुका मार असंल."

मुका मार नाही, हे दोघांनाही दिसत होतं.

अंधार पडल्यावर त्याला बैलगाडीतून घरी नेलं. आश्रुबाची बायको कुसुमबाई घाबरून गेली आणि दवाखान्याचं बोलू लागली. सूर्यभाननं तिला समजावलं की दवाखान्यात उगाच चिरफाड करतात, गावातला सटवाजी हाडं बसवण्यात पटाईत आहे, त्याच्याच हातानं बरं वाटेल. कुसुमबाईचा त्याच्यावर विश्वास होता. ती तशीच सटवाजीकडं गेली आणि त्याला घेऊन आली. त्यानं आंबेहळदीचा लेप दिला, बांबूच्या कामट्या लावल्या आणि कुसुमबाईला म्हणाला, "पट्टी वढून धर." तिनं धरली.

सोमवारी सूर्यभान सितारामकडं गेला. शेवटी तुमचं ऐकायचं ठरवलं, म्हणाला. सितारामला आनंद झाला. गाडी बघून मगच कागद करायचा असा नियम होता. त्यानं विचारलं, गाडी घरीच उभी आहे ना? सूर्यभान हो म्हणाला. इतक्या वर्षांची ओळख, म्हणून सितारामनं फॉर्मवर गाडी समक्ष पाहिली असं लिहिलं आणि कव्हर नोट, म्हणजे विम्याचा तात्पुरता कागद, फाडून दिली. मंगळवारपासून टेम्पोला फुल विमा लागू झाला.

आश्रुबाला मंगळवारीच दवाखान्यात नेता आलं असतं. कागदाला तेवढंच पुरेसं होतं. पण विमा बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी अपघात दाखवला तर साहेब लोक नाक मुरडतील, असं सूर्यभानच्या मनानं घेतलं. म्हणून त्यानं आणखी दोन दिवस जाऊ दिले. ते दोन दिवस विम्यासाठीही नव्हते, नुसते चांगलं दिसावं म्हणून होते. मधे बुधवारी तो पेडगावला जाऊन आला. आश्रुबा तापानं फणफणला होता. बोटांना मुंग्या येत होत्या त्या आता येईनाशा झाल्यात, असं तो म्हणाला. सूर्यभाननं ते बरं होण्याचं लक्षण मानलं, किंवा मानून घेतलं.

गुरुवारी भाड्याच्या जीपमधून त्यानं आश्रुबाला परभणीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. लेकरं सांभाळायला म्हणून कुसुमबाईला मागंच ठेवलं होतं. डॉक्टरांनी पट्टी सोडली. बोटं काळीनिळी पडली होती.

"कधी लागलं?" डॉक्टरांनी विचारलं.

उत्तर आश्रुबानंच दिलं. "आज सकाळी, साहेब. गाडी पलटली."

"हे आजचं नाही."

"आजचंच हाय," आश्रुबा म्हणाला आणि मान भिंतीकडं वळवली.

डॉक्टरांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि रुग्णाच्या सांगण्यावरून, असं लिहून घेतलं. नंतर व्हरांड्यात त्यांनी सूर्यभानला सांगितलं की हाड मोडलं ते एक, पण पट्टी आवळून बांधल्यानं रक्त अडलं, आणि लगेच आणला असता तर माणूस महिना-दोन महिन्यांत चालता झाला असता. तिथून सूर्यभान पोलीस ठाण्यात गेला आणि अपघात आज सकाळी झाला अशी खबर दिली.

डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. पाय आखूड झाला आणि पाऊल लुळं पडलं. त्या पावलानं क्लच दाबता येणार नव्हता.

विमा कंपनीला संशय यायचा तो आलाच. विमा वाढवून तीन दिवस होत नाहीत तोवर दावा दाखल, हे साहेबांना पटलं नाही. त्यांनी चौकशीला माणूस पाठवला. तो ओढा बघून गेला, भुजंगशी बोलला, दवाखान्यात जाऊन आश्रुबाचा जबाब घेऊन गेला. सगळ्यांनी गुरुवार सांगितला. सितारामला बोलावलं तेव्हा त्याच्या ध्यानात सगळं आलं होतं, पण फॉर्मवर त्याची स्वतःची सही होती. गाडी मी डोळ्यांनी बघितली, असं त्यानं शपथेवर सांगितलं. त्यानंतर बाजारात समोरून सूर्यभान येताना दिसला की सिताराम दुसऱ्या गल्लीत वळायचा. दसऱ्याच्या सुमारास दावा मंजूर झाला. टेम्पो दुरुस्त झाला, नव्या रंगाचा झाला, आणि नवा ड्रायव्हर तो चालवू लागला. मालधक्क्यावरून गाडीचा हॉर्न ऐकू आला की सूर्यभानच्या हातातला घास हातातच राहायचा. झुंबरबाई विचारायची, तब्येत बरी नाही का? तो म्हणायचा, पित्त झालंय.

दिवाळीनंतर एका दुपारी कुसुमबाई पूर्णेला आली. आश्रुबाला मालधक्क्यावर रखवालीचं काम मिळवून द्याल का, एवढंच तिला विचारायचं होतं. सूर्यभान आत जेवत होता. बाहेर ओसरीवर झुंबरबाई तुरीच्या शेंगा सोलत होती, कुसुमबाईही सोलू लागली. झुंबरबाईनं तिच्या पायांकडं बघून विचारलं, अशा उन्हाची अनवाणी का आलीस?

"वैनी, यांचं असं झाल्यापासून म्या चप्पल सोडली," कुसुमबाई म्हणाली. "सटवाजीला म्याच घिऊन आले. पट्टी बी म्याच वढली, माझ्या ह्या हातानं. म्या दवाखान्याचा हट्ट धरला असता तर यांचा पाय ऱ्हायला असता. रात रात झोप येत न्हाई. हे मला काहीच बोलत न्हाईत, त्याचंच लय वाईट वाटतं."

सूर्यभान ताटावरून उठला. कागदांवर कुठली तारीख पडली, हे तिच्या कानावर कुणीच घातलं नव्हतं, हे त्याला त्या क्षणी कळलं. ती चार महिने त्याचं पाप आपल्या माथ्यावर घेऊन फिरत होती. खरकट्या हातानंच तो ओसरीवर आला.

"कुसुमबाई," तो म्हणाला, "तुमचा काही गुन्हा न्हाई. दवाखान्यात म्या नेऊ दिलं न्हाई. विम्याचा कागद व्हायचा होता म्हणून. अन् कागद झाल्यावर बी दोन दिवस थांबवलं, कुणाला शक येऊ नये म्हणून."

झुंबरबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. कुसुमबाई त्याच्याकडं बघत होती. रागानं नाही, तिला अजून नीट उमगायचं होतं.

"यांना ठाव होतं?" तिनं विचारलं.

"होतं."

मांडीवरच्या शेंगा तिनं सुपात टाकल्या, पदर झटकला, गाडीची वेळ झाली असं झुंबरबाईला सांगितलं आणि निघून गेली. झुंबरबाईनं त्या दिवशी नवऱ्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्यभान पेडगावला गेला. आपण विमा कचेरीत जाऊन सगळं लिहून देतो, असं त्यानं आश्रुबाला सांगितलं. रात्रभर विचार करून तो या एका गोष्टीवर आला होता, आणि ती बोलून दाखवताना त्याला जरा मोकळं वाटत होतं.

आश्रुबा दारात बसला होता, काठी शेजारी आडवी. "तुमचा जीव हलका हुईल, मालक," तो म्हणाला. "पर खोटा जबाब माझा बी हाय. सितारामची सही हाय. तुमच्याबरुबर आमाला कशाला कोर्टात उभं करता?"

सूर्यभानला हे सुचलंच नव्हतं. इथंही त्यानं आधी स्वतःचंच बघितलं होतं. घरातून भांड्यांचा आवाज येत होता. कुसुमबाई आतच होती, पण बाहेर आली नाही. आश्रुबा हळूच म्हणाला, कालपासून ती माझ्याशीही बोलत नाही.

कचेरीत जायचं राहिलं ते राहिलंच. सूर्यभाननं महिन्याभरात टेम्पो विकला. त्या पैशांत पेडगावात पिठाची गिरणी घालून द्यावी, म्हणजे आश्रुबाला बसून काम करता येईल, असं त्यानं ठरवलं. हे सांगायला झुंबरबाई गेली. कुसुमबाईनं आधी नको म्हटलं. मग तिनं दोन दिवस विचार केला आणि निरोप पाठवला की गिरणी माझ्या नावावर करा, आणि यावर उपकाराचा एक शब्द आमच्या दारात कुणी काढायचा नाही. तसंच झालं. तिनं पुन्हा कधी सूर्यभानशी बोलणं ठेवलं नाही. झुंबरबाईशी मात्र तिचं जाणं-येणं राहिलं.

सूर्यभान पुढं एका खताच्या दुकानात कामाला लागला. शेवटी दुसऱ्याच्या हाताखालीच. दुकानाच्या कामानं पेडगावला जावं लागलं की तो गिरणीवर थांबायचा. न थांबता पुढं जाणं त्याला जमायचं नाही, आणि थांबल्यावर तिथं उभं राहणंही जमायचं नाही. आश्रुबा पट्टा बंद करायचा, अंगावरचं पीठ झटकत लंगडत बाहेर यायचा आणि त्याला बसायला पोतं टाकायचा. पाऊस, कापसाचा भाव, पोरीची सोयरीक, सगळ्यावर बोलायचा. त्या रविवारबद्दल तो एक अक्षर काढायचा नाही. कधीतरी एकदा त्यानं शिवी हासडावी, दोन शब्द सुनवावेत, असं सूर्यभानला वाटायचं. आश्रुबा चहा मागवायचा आणि मालक म्हणूनच हाक मारायचा.