पॅनेलच्या खोलीची चौकट

क्रेनच्या पट्ट्यांत अडकवलेलं विजेचं पॅनेल शीतगृहाच्या वीजखोलीच्या दारासमोर अधांतरी डोलत होतं आणि छायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. टेप लावायची गरजच नव्हती. पॅनेल साडेसात फूट उंच, लोखंडी बैठक वेगळी. दार जेमतेम सात फुटांचं, आणि त्यातही खाली चांगला वीतभर उंच उंबरठा. हे धूड त्या दारातून उभं जाणार नाही, हे तिथं जमलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. पण तोंडातून ब्र काढायला कोणी तयार नव्हतं.

वडनेरच्या आसपासच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांनी मिळून हे शीतगृह बांधलं होतं. भाव पडला की रस्त्यावर ओतावा लागणारा टोमॅटो, कोबी, कोथिंबीर इथं चार दिवस टिकणार होता. अध्यक्ष दौलतराव, म्हणजे छायाचे मोठेबाबा, तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द चालायचा आणि त्यांना तो चालवायला मनापासून आवडायचं. विजेचं काम मात्र छायाकडे होतं. ती पिपरी मेघेला राहायची, तिच्याजवळ परवाना होता आणि अशा खोल्या तिनं पुष्कळ उभ्या केल्या होत्या.

भिंती उठायच्या आधीच तिनं गवंड्याला समोर उभं करून बजावलं होतं, की पॅनेलच्या मापानं दार ठेवायचं असतं, दाराच्या मापानं पॅनेल येत नसतं. नऊ फूट उंची हवी. दोन फळ्या हव्यात आणि त्या बाहेरच्या बाजूला उघडायला हव्यात, म्हणजे आत काही बिघडलं तर माणूस धडक मारून बाहेर पडेल. उंबरठा अजिबात नको, कारण पॅनेल लोखंडी नळ्यांवरून लोटत न्यावं लागतं. गवंडी शहाणा होता. त्यानं तेवढी जागा मोकळी सोडली.

मग मोठेबाबांच्या डोक्यात किडा वळवळला. त्यांच्या मुलाच्या, नीरजच्या, नव्या बंगल्यातून एक सागाची चौकट उरली होती. वीज म्हणजे लक्ष्मीच, आणि लक्ष्मीच्या खोलीला चौकट-उंबरठा नाही म्हणजे काय! त्यांनी मुहूर्त काढला, चौकट उभी केली, पाच सवाष्णींना बोलावून हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले आणि भोवतीची मोकळी जागा विटांनी बुजवून टाकली. छाया तेव्हा चंद्रपूरकडच्या कामावर होती. पेढा मिळणं लांबच, तिला साधा फोनही कोणी केला नाही.

"काऊन तोंड पाडून उभी राह्यली वं?" मोठेबाबा खुर्चीतूनच म्हणाले. "आडवं करा अन् सरकवा आत. घरात कपाट नाई का नेत आपण?"

"हे कपाट नाई, मोठेबाबा. अकरा हजार व्होल्टचं पॅनेल आहे. आत तांब्याच्या पट्ट्या आहेत अन् त्या पट्ट्याईले धरून ठेवणारे ठोकळे आहेत. आडवं पाडून एखाद्या ठोकळ्याले केसाएवढा तडा गेला, तं वरून काईच दिसत नाई. पण लाइन चालू केली का समोर उभा असन त्याच्या तोंडावर भडका येईन. चौकट काढा. भोवती विटाच तं आहेत."

"पूजेची चौकट काढाची?" मोठेबाबांच्या पत्नी शालूबाई कडाडल्या. "अभद्र बोलू नको, माय. म्या माया हातानं कुंकू लावलं तिले."

"शिकवली पोट्टी, आता आपल्यालेच शिकवून राह्यली," मोठेबाबा जमलेल्या लोकांकडे पाहून हसले. दोघं-तिघं त्यांच्यासोबत हसलेही. "कैलास, कर बापा आडवं. तिचं आयकू नको."

क्रेनवाला कैलास छायाकडे पाहत थांबला. तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ सचिन जवळ आला. शीतगृहाचं यंत्र चालवायची नोकरी त्याला मोठेबाबांनीच लावून दिली होती आणि त्या उपकाराखाली त्याची मान कायम वाकलेली असायची.

"जाऊ दे ना ताई," तो हळूच म्हणाला. "मोठेबाबा म्हणते तं करू. मी जपून नेतो ना."

त्याच्या कानाखाली एक वाजवावी असं तिला वाटलं. त्या पॅनेलसमोर रोज उभा राहणार होता तो, भाजणार होता तो, आणि हाच मध्यस्थी करत होता! ती मोठेबाबांकडे वळली.

"लाइन चालू कोण करणार आहे?"

"सचिन. दुसरं कोण? नोकरीच आहे ना त्याची."

"ठीक आहे. पाडा आडवं. मी आता काई बोलत नाई. फक्त पहिल्या दिवशी खटका नीरज ओढन."

नीरज गाडीवर बसून मोबाइल पाहत होता. त्यानं दचकून मान वर केली. "मी? मले काय समजते त्यातलं?"

"समजाचं काय आहे? समोर उभं राहाचं अन् ओढाचा. मोठेबाबा म्हणून राह्यले ना, काई होत नाई म्हणून."

मोठेबाबांचं हसू तिथल्या तिथं विरलं. त्यांनी नीरजकडे पाहिलं, मग लटकत्या पॅनेलकडे. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी शालूबाईच बोलल्या.

"चौकटीचं काय एवढं? दुसरी बसवता येईन."

"काढा," मोठेबाबा म्हणाले. "काढा ते चौकट."

छायाचा राग शांत व्हायला हवा होता. उलट तो आणखीच चढला. म्हणजे यांना कळलं होतं! तडा कळला होता, भडका कळला होता, सगळं पहिल्या वाक्यातच कळलं होतं. फक्त त्या भडक्यासमोर सचिन उभा होता, म्हणून चौकटीचं पारडं जड होतं. हीच माणसं सणासुदीला सचिनला शेजारी बसवून जेवू घालायची, घरचं पोरगं म्हणायची.

लोखंडी सब्बलीनं विटा पाडल्या, चौकट निघाली, उंबरठाही उखडला. पॅनेल उभंच्या उभं नळ्यांवरून आत गेलं आणि आपल्या जागेवर नीट बसलं. छायानं चहूबाजूंनी फिरून पाहिलं. कुठं ओरखडाही नव्हता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मोठेबाबांच्या अंगात पुन्हा अध्यक्ष संचारला. "वा! आता उद्घाटन झोकात करू," ते म्हणाले. "आमदाराले बोलावू. खटका नीरजच ओढन, छायानंच म्हणलं आहे ना. पेपरात फोटो येईन पोराचा."

नीरजनं केसांवरून हात फिरवला. सचिन, विटांच्या धुळीनं माखलेला, मुकाट बाजूला सरकला.

"नाई," छाया एवढ्या जोरात म्हणाली, की क्रेनमधून कैलासनंही वळून पाहिलं. "आता खटका सचिन ओढन. नीरजलेच ओढाचा असन, तं पॅनेल बाहेर काढा, चौकट परत बसवा, अन् आडवं पाडून आत न्या. मंग ओढू द्या त्याले."