नऊ गुणांची रिजव्ह्यू

शनिवारी सकाळी दार उघडलं तर आमच्या हिरवळीत निळी पाटी रोवलेली. ‘इथे रिजव्ह्यूचं मूल राहतं.’ दर वसंतात रिजव्ह्यू शाळेची पालक समिती हे करते. सहावीत जाणारं मूल ज्या घरात असेल तिथे उजाडायच्या आत पाटी ठोकून मोकळी. विचारत कुणी नाही, कारण नको म्हणणारा अजून कुणी जन्मला नाही असं त्यांना वाटतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या घरात सहावीत जाणारी मुलं दोन आहेत, जुळी. पाटी एकाचीच होती.

कोल रिजव्ह्यूला, मिली डेलमाँटला, असं शाळामंडळाने ठरवलेलं. मिलीला डाउन सिंड्रोम आहे. बोलायला ती वेळ घेते, पण बोलते. रिजव्ह्यू आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, तिची घंटा माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येते. डेलमाँट हायवेच्या पलीकडे. मिलीने रोज पिवळ्या बसमध्ये बसायचं आणि भावाच्या शाळेसमोरून पुढे जायचं.

आमच्या गावात या दोन शाळांशिवाय दुसरा विषय नाही. घरं विकणाऱ्या वेबसाइटवर रिजव्ह्यूला दहापैकी नऊ गुण, डेलमाँटला चार. पूर्वी दोन्ही सहा-सातच्या आसपास होत्या. मग मंडळाने मिलीसारख्या मुलांचे सगळे वर्ग आणि नुकती या देशात आलेली मुलं ‘सोयीसाठी’ डेलमाँटला नेली. परीक्षेचे निकाल लागले, डेलमाँट खाली आली, रिजव्ह्यू वर गेली. रिजव्ह्यूत एक नवी खिडकीसुद्धा बसवली नव्हती हो! आपला केर शेजारच्या दारात लोटायचा आणि आमचं अंगण बघा किती स्वच्छ म्हणून मिरवायचं. आणि केर म्हणजे कोण, तर आमची पोरं.

मीही हट्टाला पेटले होते. कोललाच डेलमाँटला पाठवायचं, दोघं एकत्र राहतील, असं ठरवून बदलीचा अर्ज भरून ठेवला होता. माझा नवरा ग्लेन म्हणत होता की रागाच्या भरात पोराचं नुकसान करू नकोस. कोलला विचारलं तर तो खांदे उडवायचा. खरं सांगते, आतून मलाही धाकधूक होती.

मी पाटी उपटून गॅरेजपाशी आपटली, तोवर समोरून पॅम ओस्टरहाऊस आलीच, हातात लिंबाच्या वड्यांचा डबा. पॅम घरं विकते आणि समितीची अध्यक्षही तीच. आधी हवेबद्दल बोलली, मग ट्यूलिपबद्दल. ताकाला जाऊन भांडं लपवणं कुणी हिच्याकडून शिकावं. शेवटी मीच विचारलं की बाई, काम काय ते सांग.

कोलचा अर्ज तिच्या कानावर गेला होता. नऊची शाळा सोडून चारच्या शाळेत कुणी मूल घालतं का, असं तिने विचारलं. बहिणीचं ओझं त्याच्या पाठीवर कशाला, म्हणाली. ते मला लागलं, कारण रात्री ग्लेनही तेच बोलला होता. मी म्हटलं, तुमचे नऊ आमच्या चारावर उभे आहेत, आयत्या बिळावर नागोबा झालात तुम्ही.

पॅमचा चेहरा लाल झाला. “हे बघ नोरीन, मला मिली आवडते. पण ही मुलं असली की शाळेचे गुण पडतात. मी नाही म्हणत, आकडे म्हणतात.”

गॅरेजमध्ये कोल मिलीच्या सायकलमध्ये हवा भरत होता. पंपाचा आवाज थांबला. मिली बाहेर आली आणि आमच्या दोघींच्या मध्ये उभी राहिली.

“चार माझ्यामुळे?” तिने विचारलं.

“नाही गं राणी, तसं काही नाही,” पॅम घाईने म्हणाली.

मला रडू येत होतं आणि पॅमचा गळा धरावासा वाटत होता. पण या पोरीशी मी आजवर खोटं बोललेले नाही. “हो,” मी म्हटलं. “तू आणि तुझ्या वर्गातली सगळी. ते तुमचेही पेपर मोजतात.”

मिलीने विचार केला. ती विचार करते तेव्हा मध्ये बोलायचं नसतं. पॅमलाही तेवढं कळलं.

“मी रिजव्ह्यूला गेले तर त्यांचे नऊ पडतील?”

“थोडे पडतील.”

“पडू देत,” मिली म्हणाली. “मला चालत जायचंय. कोलबरोबर.”

पॅम माझ्याकडे वळून हळूच म्हणाली की मिलीला कळत नाहीये ती काय मागतेय. कोल पंप हातात घेऊन दारात आला होता. “तिला कळतंय,” तो म्हणाला. “तुम्हालाच नकोय.” पोराने इतकं तोंड वर करून मोठ्या माणसाशी कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. एरवी मी त्याला दटावलं असतं. त्या दिवशी नाही दटावलं. पॅम गेली, डबा तेवढा राहिला.

मग मला माझीच लाज वाटली. मी कोलला हायवेपलीकडे पाठवायला निघाले होते, म्हणजे मिलीची जागा डेलमाँटलाच, हे मंडळाचं म्हणणं मीच मान्य करत होते. दोन गल्ल्यांवरची शाळा मिलीची पण आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी अर्ज फाडला. ग्लेनने सोमवारची सुट्टी टाकली.

सोमवारी मंडळाच्या ऑफिसात आम्ही चौघं गेलो. तिथल्या साहेबाने आम्हाला कॉफी दिली. रिजव्ह्यूत असा वर्गच नाही, तशा शिक्षिका नाहीत, असं त्याने गोड आवाजात सांगितलं. ग्लेनने शांतपणे विचारलं की मग कधी आणताय. साहेब हसला, मग हसायचा थांबला. तो मिलीकडे न बघता माझ्याशी बोलत होता.

“मिसेस ड्वोराक, तिथली मुलं फार पुढे आहेत. रिजव्ह्यू तिला झेपेल का, याचा विचार केलात?”

“ते आमचं आम्ही बघू,” मी म्हटलं. “रिजव्ह्यूला ती झेपते का, ते तुम्ही बघा.”