चंपाची ओळ

शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं टायपिंग केलेल्या सुगंधाताई भुवड निवृत्तीनंतर सिल्व्हर पार्क सोसायटीत धाकट्या भावासोबत, आत्मारामसोबत, राहत होत्या, आणि गुहागरच्या भावकीने घराण्याची माहितीपुस्तिका काढायचं ठरवलं तेव्हा ती टाइप करायचं काम ओघानेच त्यांच्याकडे आलं. सकाळचा स्वयंपाक आटोपला की त्या खिडकीपाशी लॅपटॉप उघडून बसत आणि एकेका माणसाला एकेक ओळ देत जात.

आपल्या घराच्या पानावर वडिलांच्या, अण्णांच्या, नावाखाली त्यांनी लिहिलं: थोरली मुलगी चंपा. दुसरी मुलगी सुगंधा. धाकटा मुलगा आत्माराम.

आत्माराम मागे उभा राहून वाचत होता. "ताई, तिला घालू नकोस. पळून जाऊन लग्न केलं तेव्हा अण्णांनी तिच्या नावाने आंघोळ केली होती."

"आंघोळ अण्णांनी केली. मी नाही."

दोघंही चंपाला आक्का म्हणत. ती हाक चाळीस वर्षांत त्या घरात कुणी मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर चंपाची ओळ फिकट राखाडी दिसत होती. सेटिंगमध्ये रंग काळाच होता. सुगंधाताईंनी अक्षरं मोठी केली, ठळक केली, पडद्याचा उजेड वाढवला. ओळ तेवढ्यापुरती गडद व्हायची आणि पुढच्या सकाळी आणखी विरलेली असायची. चौथ्या दिवशी त्यांनी टायपिंगचा तो प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीकडे फाइल जोडून रीतसर तक्रार नोंदवली, शाळेत लिहायच्या त्याच भाषेत: एका व्यक्तीचे नाव दिसेनासे होत आहे, कृपया दोष दूर करावा.

कंपनीतून जितेंद्र नावाच्या माणसाचा फोन आला. "मॅडम, तुमची फाइल उघडलीय. चंपा नाव एकदम डार्क दिसतंय. फक्त त्याच्या खाली एक ओळ रिकामी आहे, ती मुद्दाम सोडलीय का?"

"रिकामी नाही. तिथे माझं नाव आहे."

पलीकडे कीबोर्ड खडखडला. "वरची ओळ डिलीट करून बघता का? कदाचित सगळं नॉर्मल होईल."

सुगंधाताईंनी बोट त्या बटणावर ठेवलं, आणि उचललं.

"नाही. एकदा तिला काढलं तेव्हा मी गप्प बसले. वीस वर्षांची होते, तोंड होतं मला."

त्याच दुपारी त्या खालच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. "भैया, प्रिंट डार्क आना चाहिए." कागदावर चंपाचं नाव काळंभोर उमटलं होतं, त्याखालची ओळ वाचायला मात्र कागद उजेडाकडे धरावा लागत होता. दुकानदार दुसरी प्रत काढून देतो म्हणाला. "रहने दो, ऐसाही चाहिए," असं म्हणून त्यांनी पान घडी न घालता घरी आणलं आणि आत्मारामच्या हातात दिलं.

भांडायच्या तयारीनेच त्या समोर उभ्या राहिल्या. पण आत्मारामने ते पान वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचलं, चष्मा काढून बाजूला ठेवला आणि त्यांच्याकडे बघून अगदी सहज म्हणाला, "आक्का, थोडा चहा टाकतेस?"

सुगंधाताईंनी पदर खोचला.

"टाकते," त्या म्हणाल्या. "पण आधी सांग, इतकी वर्षं मला हाक का मारली नाहीस?"